जुनी सिनेगीतं घरी वाजवायची तर : डिजिटल पियानो की अरेंजर कीबोर्ड?

पेटी बऱ्यापैकी येते, आवडती जुनी गाणी आता पियानोवर बसवायची आहेत आणि जमली तर घरच्या ग्रुपवर टाकायची आहेत. असं ठरवून दुकानात गेलेला माणूस बहुतेक वेळा दोन पर्यायांपाशी येऊन अडतो. एक, अठ्ठ्याऐंशी जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो. दुसरा, एकसष्ट पट्ट्यांचा, ठेका आणि साथसंगत आतूनच देणारा अरेंजर कीबोर्ड. माझ्याकडे दोन्ही होते, आज घरात एकच आहे. तारांचा खरा पियानो या चर्चेत घेत नाही. दमट हवेत तो सुरात ठेवणं, ट्यूनर शोधणं आणि लिफ्टमध्ये न मावणारं ते धूड वर चढवणं ज्यांना परवडतं, त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही.

आपण नक्की कशाच्या प्रेमात आहोत, हे मात्र आधी तपासून घ्यावं. हिंदी सिनेमातला पियानो म्हटलं की पार्टी आली, पियानोवर बसलेला दुखावलेला नायक आला. ‘अंदाज’मध्ये (१९४९) दिलीपकुमार, ‘गुमराह’मध्ये (१९६३) सुनील दत्त, ‘संगम’मध्ये (१९६४) राज कपूर. पण कान देऊन ऐका, पियानो तिथे एकटा नसतोच. मागे व्हायोलिनांचा ताफा असतो, ठेका असतो, मधले म्युझिक पीस असतात. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचा वाद्यमेळ बांधायचे ते मूळचे गोव्याचे सबॅस्टियन डिसोझा, आणि समोर नोटेशन ठेवून वाजवणाऱ्यांतही गोवेकर भरपूर. म्हणजे आपल्या डोक्यात जो पियानो बसलाय, तो अर्धाअधिक ऑर्केस्ट्रा आहे. म्हणूनच डिजिटल पियानो घरी आणून पहिल्याच संध्याकाळी ‘चलो एक बार फिर से’ वाजवलं की काहीतरी सुनंसुनं वाटतं. अरेंजरवर तसं वाटत नाही. सुरुवातीचे दिवस अरेंजरचेच असतात, हे मोकळेपणाने मान्य करतो.

त्यात आपल्याकडची खास मॉडेलं, म्हणजे यामाहाची ‘आय’ मालिका किंवा कॅसिओची शेवटी ‘आयएन’ लागणारी, त्यांत तबला-ढोलक, दादरा-केरवा सगळं तयार मिळतं. बाजूला पिच बेंडचं चाक असतं, ते अंगठ्याने जरासं ढकललं की मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघते. आपल्या गाण्यांना ही सोय फार मोठी. पियानोवर मींड नाहीच. शेजारच्या पट्टीला ओझरतं शिवून कणस्वरावर भागवावं लागतं. काही गाणी तर ठेक्याशिवाय उभीच राहत नाहीत. ‘साधी माणसं’मधलं (१९६५) ‘ऐरणीच्या देवा’ नुसत्या पियानोवर वाजवून बघा, भात्यातली हवाच गेल्यासारखं वाटतं. लावण्या, कोळीगीतं यांचंही तेच. वजनाचं म्हणाल तर अरेंजर एका हाताने उचलून गच्चीवरच्या कोजागरीला नेता येतो. डिजिटल पियानो बहुतेक दहा किलोच्या पुढेच, आणि त्याची लांबी रिक्षात बसत नाही.

स्पर्शाबद्दल पेटीवाल्यांनी थोडं सावध असावं. पेटीच्या हलक्या पट्ट्यांवर सहज निघणारी मुरकी जड पट्टीवर अडखळते, करंगळी दमते. सवय होते, पण तोवर चिडचिड होते. उलट बाजूने, जड पट्टीवर एकच स्वर हळू, त्याहून हळू, मग जरा ठासून असा वाजवता येतो. शब्द मनात ठेवून वाजवणाऱ्याला याची किंमत लगेच कळते. अरेंजरही जोर ओळखतात, निदान बरे असतात ते. पण हलक्या पट्टीवर तो जोर बोटाला नीट मोजता येत नाही, असा माझा अनुभव.

हे सगळं तोलून पाहिलं तेव्हा पारडी जवळपास सारखीच होती. कल फिरला तो एका कटकटीमुळे. अरेंजरचा ठेका तुमच्यासाठी थांबत नाही.

‘एक धागा सुखाचा’ घ्या. ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०), गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल. वाजवताना मी ‘शंभर धागे दुःखाचे’पाशी मुद्दाम रेंगाळतो. शेवटचा स्वर पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) दाबून विरू द्यायचा आणि पुरता विरला की मगच पुढची ओळ उचलायची. पियानोवर हे विचार न करता होतं. अरेंजरवर डावा हात कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन-चार स्वर) धरून बसलेला, तबला आपला चालूच. मी रेंगाळलो की तो पुढे निघून जातो. मग एकतर अख्खं आवर्तन मान हलवत बसायचं, नाहीतर घाईघाईने समेवर उडी मारायची. थांबवायची सोय असते, नाही असं नाही. स्टॉप दाबा, ओळ संपवा, सिंक्रो स्टार्ट लावा, की कॉर्ड दाबताच ठेका पुन्हा सुरू. पण हे करताना डोळे बटणांवर जातात आणि गाणं हातातून सुटतं. अंतऱ्याकडे वळताना फिल-इन (ठेक्यातला भरीचा छोटा तुकडा) मारावा, तर तो दर वेळी तोच. दुसऱ्या कडव्यापर्यंत घरातल्या पोरांनासुद्धा पाठ होतो.

जुन्या गाण्यांत असे थांबे किती! ठेक्याशिवाय म्हटलेली सुरुवातीची ओळ, कडव्याच्या शेवटी लांबवलेला शब्द, धृवपदावर परत येताना घेतलेला श्वास. मला त्या जागांसाठीच ही गाणी वाजवायची असतात, आणि यंत्र नेमकं तिथेच घाई करतं. अरेंजरवरचं असं एक रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं तेव्हा मावशीचा लगेच निरोप आला, “ठेका किती गोड आहे रे!” आता ठेका काही मी वाजवला नव्हता.

ठेका बंद ठेवून नुसता पियानोचा आवाज लावता येतो, असं कुणी म्हणेल. येतो. पण मग खालच्या सप्तकांची कमतरता जाणवू लागते, आणि ज्यासाठी अरेंजर घेतला तेच बंद ठेवायचं तर घ्यायचा कशाला?

पियानोवरचं ते सुनंपण डाव्या हाताने भरून काढावं लागतं, आणि ते जमतं. ‘अजीब दास्ताँ है ये’पासून सुरुवात करावी. चाल डोलणारी, तीन-तीन मात्रांची. डाव्या हाताने खाली एकदा बास, वर दोनदा कॉर्ड. एवढं हातात बसलं की ठेक्याची आठवण येत नाही, आणि ओळीच्या शेवटी हवं तेवढं थांबता येतं. मात्र डाव्या हाताला काहीच करायचं नसेल, फक्त चाल वाजवायची असेल, तर पियानो घेऊन पस्तावाल.

गाणारं माणूस घरात असेल तर गाण्याची पट्टी, म्हणजे मूळ सूर, बदलण्याची सोयही बघून घ्या. दोन्हींत असते. अरेंजरवर पडद्यावर आकडा दिसतो, साध्या डिजिटल पियानोवर एक बटण दाबून ठेवून भलतीच एखादी पट्टी दाबावी लागते. बायकोला पांढरी चार आणि मेव्हण्याला काळी एक लागत असेल तर कुणासाठी काय दाबायचं ते एका कागदावर लिहून पियानोला चिकटवा.

आता पाठवण्याचं. समोर फोन ठेवून रेकॉर्ड केलं तर पियानोच्या पट्ट्यांची खटखट चांगलीच ऐकू येते, अरेंजरची त्या मानाने कमी. फोन पियानोवर ठेवू नये, लांब सोफ्यावर ठेवावा, पंखा बंद करावा. दुकानात मात्र एक प्रश्न दोन्हींबद्दल विचारा : यूएसबीतून आवाज जातो की फक्त मिडी? मिडी म्हणजे कोणती पट्टी किती जोरात दाबली एवढीच माहिती, आवाज नव्हे. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत तेवढंच असतं आणि विक्रेता “हो हो, यूएसबी आहे” म्हणून मोकळा होतो. आपला फोन तिथेच जोडून बघावा. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलं तर पियानोचा विरत जाणारा स्वर घुसमटतो. ऑडिओची फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडली की बरीच बरी पोचते.

यूट्यूबवर टाकणार असाल तर वाद्य कोणतंही असो, कॉपीराइटचा दावा येऊ शकतो, कारण वाजवणारे आपण असलो तरी चाल आपली नसते. आपल्या कायद्यात हा हक्क संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षं राहतो. बाबूजी २००२ साली गेले, म्हणजे त्यांच्या चालींवर २०६२ अखेरपर्यंत. व्हिडिओ बहुतेक वेळा तसाच राहतो, जाहिरातींचे पैसे हक्कदाराकडे जातात. आपल्याला पैसे कुठे कमवायचेत!

तर भर नाचत्या गाण्यांवर असेल, चार लोकांत साथीला बसायचं असेल, वाद्य घेऊन फिरायचं असेल, तर अरेंजर बिनधास्त घ्या. एकट्याने बसून, शब्द आठवत, आपल्या लयीत वाजवायचं असेल तर माझ्या मते पियानो. फक्त त्याच्यासोबत पुष्कळदा जे चौकोनी प्लास्टिकचं पेडल येतं त्यावर विसंबू नका. टाइल्सवर ते पायाखालून सरकत सरकत भिंतीपाशी जातं. खाली रबर असलेलं वजनदार पेडल त्याच खरेदीत मागून घ्या, थोडी घासाघीस केली तर कधीकधी सवलतीतही मिळतं.