एकाच गिटारवर हंबकर, पी-९० आणि सिंगल कॉइल : लग्नसराईनंतरचा अनुभव

जळगाव-धुळे पट्ट्यातील लग्नांत ऑर्केस्ट्रासोबत गिटार वाजवताना गेला संपूर्ण हंगाम मी ब्रिजजवळचे (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथले) पिकअप, म्हणजे तारांच्या कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे चुंबक-वेटोळे, आळीपाळीने बदलून पाहिले. सिरॅमिक चुंबकाचा हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप), अल्निको (अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्ट मिश्रधातू) चुंबकाचा हंबकर आणि हंबकरच्याच मापात मिळणारा, पण एकाच वेटोळ्याचा पी-९० असे ते तीन. नेकजवळ (गिटारच्या मानेकडे) मात्र कायम अल्निको सिंगल कॉइल, म्हणजे एकेरी वेटोळ्याचा पिकअप होता. गिटार, १०-४६च्या तारा आणि अ‍ॅम्प्लिफायर यांत काहीही बदलले नाही.

तुलना करण्यापूर्वी प्रत्येक पिकअपची उंची जुळवून आवाजाची पातळी सारखी करणे मला अत्यावश्यक वाटते, कारण कान मोठ्या आवाजाला नेहमीच झुकते माप देतो. पातळी सारखी केल्यावर सिरॅमिक हंबकरचा पहिला प्रभाव बराच ओसरला. त्याचा रोध १५ किलोओहमच्या आसपास आहे आणि अल्निकोचा सुमारे ८. पण अधिक रोध म्हणजे अधिक चांगला आवाज नव्हे. वेढे वाढले की आवाज वाढतो, मात्र वरच्या पट्टीची झळाळी कमी होते. डिस्टॉर्शनवर (आवाज मुद्दाम फाटल्यासारखा केल्यावर) सिरॅमिक घट्ट आणि ठाम वाजतो, पण अहिराणी गाण्यांत कीबोर्ड आणि ढोलकीच्या मधून स्वच्छ कॉर्ड ऐकू यायला हवा असेल, तर अल्निको कितीतरी सरस आहे.

पी-९० हा १९४६ पासूनचा प्रकार. रुंद, बसक्या वेटोळ्यामुळे त्याच्या मधल्या पट्टीला एक खरखरीत भरीवपणा येतो आणि बोटाचा जोर बदलला की स्वर लगेच बदलतो. नुसत्या आवाजावर निवड करायची असती तर मी हाच ठेवला असता.

अडचण आहे ती गुणगुणीची. जनरेटरवर चालणारी वीज, नीट न केलेले अर्थिंग आणि स्टेजलाच गुंडाळलेल्या रोषणाईच्या माळा, अशा मांडवात एकेरी वेटोळे अँटेनासारखे काम करते आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत ५० हर्ट्‌झची घरघर सर्वांना ऐकू येते. गिटारमधल्या पिकअपच्या खाचांना आतून तांब्याची पट्टी लावल्यावर दिव्यांची चरचर कमी झाली. चुंबकीय क्षेत्रातून येणारी मूळ घरघर मात्र तशीच राहिली, कारण इतकी पातळ पट्टी ते क्षेत्र अडवू शकत नाही. अंग थोडे वळवून उभे राहिल्यास ती उतरते, हे खरे. यावरचा मूळ उपाय गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५०च्या दशकात शोधला : उलट दिशेच्या दोन वेटोळ्यांत गुणगुण परस्परांना छेदते आणि तारेचा स्वर मात्र मिळून वाढतो.

नेकजवळच्या सिंगल कॉइलबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. त्याचे चुंबक तारांना फार जवळ नेले, तर जाड तारेचा स्वर डळमळतो आणि सूर लागलेला असूनही बेसूर वाटतो. शेवटच्या पडद्यावर (फ्रेटवर) तार दाबून जाड तारेखाली २ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली किंचित कमी अंतर ठेवल्यावर हा दोष गेला. शिवाय लांब केबलने त्याची झळाळी मरते. स्टेजवर शक्य तितकी आखूड केबल वापरावी.

सध्या ब्रिजला अल्निको हंबकर कायम केला आहे आणि ५०० किलोओहमचे पॉट (आवाज आणि टोन फिरवण्याची बटणे) ठेवले आहेत. सिंगल कॉइलसाठी स्विचमधून ४७० किलोओहमचा रोधक समांतर जोडल्यामुळे त्याचा तीक्ष्णपणा आटोक्यात राहतो. हंबकरचे एक वेटोळे बंद करणारे बटणही बसवले आहे, पण त्या स्थितीत गुणगुण परत येत असल्याने ते मी केवळ घरच्या रेकॉर्डिंगसाठी वापरतो.