पायातून तांबं काढून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध रहा, विल्सनचा पेशंट घरात असेल तर नक्की वाचा

विल्सन नावाचा एक आजार आहे, त्यात अंगात तांबं साठत जातं. साधारण ३० हजारात एखाद्याला होतो, त्यामुळे ज्यांच्या घरात पेशंट नाही त्यांनी नावही ऐकलेलं नसतं. आणि ज्यांच्या घरात आहे त्यांना हेरून लुबाडणारे लोक सध्या आपल्या तळकोकणात शिबिरं घेत फिरतायत. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात हे झालंय, पैसे गेले ते गेले पण पोरगी हातची जायची वेळ आली होती, म्हणून सगळं लिहितोय.

आधी आजार समजून घ्या म्हणजे फसवणूक कुठे होते ते कळेल. आपल्या जेवणात थोडं तांबं असतंच आणि शरीराला ते लागतं पण. जास्तीचं जे असतं ते लिव्हर पित्तात सोडतं आणि ते शौचावाटे निघून जातं. या पेशंटमध्ये एटीपी७बी नावाचं जीन बिघडलेलं असतं, त्यामुळे तांबं बाहेर पडत नाही, आधी लिव्हरमध्ये साठतं, मग मेंदूत, डोळ्यात. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जीन आलं तरच आजार होतो, त्या दोघांना स्वतःला काहीच त्रास नसतो.

भाचीला लहानपणी कावीळ होऊन गेली होती, तेव्हा गावठी औषधावर भागवलं. दहावीच्या वर्षाला तिचं अक्षर बिघडायला लागलं, हात थरथरायचा, बोलणं जड झालं. शाळेत म्हणाले अभ्यासाचं टेन्शन, घरात म्हणाले बाहेरचं काहीतरी असणार, गाऱ्हाणं घालून झालं. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मशीनवर बघितलं तर बुबुळाच्या कडेने तपकिरी कडं दिसलं आणि त्यांनी तडक बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे सेरुलोप्लाझमिन (रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं तपासून निदान झालं. लघवीतून तांबं बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइनच्या कॅप्सूल सुरू झाल्या, उपाशीपोटी घ्यायच्या, जोडीला बी६ ची गोळी, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की औषध जन्मभर चालणार, मधेच बंद करायचं नाही. हे औषध या आजारावर १९५६ साली जॉन वॉल्श यांनी आणलं, त्याच्या आधी अशी मुलं सहसा वाचत नव्हती.

आता आमची परिस्थिती बघा. कॅप्सूल इथल्या मेडिकलात मिळत नाही, कोल्हापूरहून मागवायची, कधी स्टॉकच नसतो. औषध सुरू झाल्यावर थरथर कमी व्हायच्या ऐवजी आधी वाढली. काही पेशंटमध्ये असं होतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण पोरीच्या हातातून चहाचा कप सुटताना आईने बघितला की ते सांगणं कुठे आठवतं. वर नातेवाईक, जन्मभराचं औषध म्हणजे लग्नाचं काय. अशा वेळी एका शेजारणीने सांगितलं की तालुक्याला हॉलमध्ये शिबिर आहे, लिव्हरचे भलेभले आजार मुळासकट बरे करतात.

तो माणूस बोलायला एकदम गोड. फाईल चाळली आणि पहिलाच प्रश्न, कॅप्सूल सुरू केल्यावर त्रास वाढला ना? बहीण हो म्हणाली. झालं, तिथेच तिचा विश्वास बसला. हे केमिकल पोरीला बाधतंय, आधी बंद करा, आपण तांबं नैसर्गिक मार्गाने काढू, असं म्हणाला. किटचे १८,५०० रुपये, यूपीआयने, बिल नाही.

मग ते मशीन. प्लॅस्टिकच्या टबात कोमट पाणी, त्यात चमचाभर मीठ, वायरीला जोडलेली एक गोल कॉइल, आणि पाय बुडवून बसायचं. पाचेक मिनिटांत पाणी हिरवट होतं, मग तपकिरी, वर फेस येतो आणि गंजासारखे कण तरंगतात. हिरवं ते लिव्हरमधलं, तपकिरी ते रक्तातलं तांबं, असं तो सगळ्यांदेखत बोट ठेवून दाखवायचा. बहिणीने त्याच संध्याकाळी फोन केला, "दादा, माज्या डोळ्यांनी बघलंय, पायातसून तांबा भायर पडला." तिला काय बोलणार.

माझा मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियन शिकतोय. तो म्हणाला हे मी अंगणात करून दाखवतो. होडीतली १२ व्होल्टची बॅटरी आणली, टबात मीठपाणी, दोन मोठे लोखंडी खिळे वायरला बांधून थोड्या अंतरावर सोडले. पाय कोणाचेच नाहीत. आधी एका खिळ्याभोवती बुडबुडे, दुसऱ्याभोवती हिरवट धुरकट काहीतरी, मग ढवळलं तसं सगळं पाणी तपकिरी, वर तसाच फेस, तसेच कण. करंटने लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो, त्या कॉइलचंही तेच होतं, एवढंच ते आहे. तांबं तळपायातून अशा तऱ्हेने बाहेर पडतच नाही, पित्तातून जातं किंवा औषधाने लघवीतून काढावं लागतं. बहिणीला समोर उभी करून दाखवलं तेव्हा ती मटकन खालीच बसली.

पण ती लगेच मान्य करेना, कारण तिच्याकडे रिपोर्ट होता. आणि ही युक्ती मला सगळ्यात भयंकर वाटते, नीट वाचा. त्या माणसाने रक्तातलं तांबं म्हणजे सीरम कॉपर तपासून आणायला सांगितलं होतं. रिपोर्ट खऱ्या लॅबचा, आकडा नॉर्मलपेक्षा कमी. बघा, तांबं उतरलं, असं म्हणून त्याने दुसऱ्या किटचे पैसे घेतले. खरी गोष्ट अशी की विल्सनच्या बहुतेक पेशंटमध्ये हा आकडा पहिल्यापासूनच कमी असतो. रक्तातलं बरंचसं तांबं सेरुलोप्लाझमिनला चिकटून फिरतं आणि या आजारात तेच कमी असतं, म्हणून लिव्हर तांब्याने भरलेलं असलं तरी रक्ताचा आकडा कमीच दिसतो. म्हणजे आजाराचीच खूण त्याने बरं झाल्याचा पुरावा म्हणून विकली. ज्याला एवढं माहीत आहे तो अडाणी नाही, तो जाणूनबुजून करतोय असं माझं ठाम मत आहे.

आणि दुसऱ्या किटमधली पावडरची बरणी. पहिलीवर लेबलच नव्हतं. दुसरीवर बारीक अक्षरात घटक लिहिले होते, मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचला तर त्यात ताम्र भस्म. ताम्र म्हणजे तांबं. ज्या पोरीच्या अंगात तांबं साठतं तिला रोज दोन वेळा मधातून तांबं चाललं होतं आणि तांबं काढणारी कॅप्सूल बंद. लिव्हरसाठी म्हणून मिळणाऱ्या काही जुन्या औषधांत, आरोग्यवर्धिनीतसुद्धा, ताम्र भस्म असतं. दुसऱ्यांचं मला माहीत नाही पण या पेशंटच्या पोटात ते जाता कामा नये.

तोवर भाचीच्या पायाला सूज, डोळे पिवळे, तोंडातून लाळ गळायला लागली होती. औषध अचानक सोडलं की या आजारात लिव्हर एकदम फेल होऊ शकतं. परत बांबोळी, आयसीयू, बऱ्याच दिवसांनी घरी आली. कॅप्सूल परत चालू आहेत, बोलणं थोडं सुधारलंय, अक्षर अजून नाही.

त्या माणसाने आणखी एक सांगितलं होतं, की धाकट्या भावाला तपासायची गरज नाही, तो ठणठणीत आहे. सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते. आम्ही तपासलं, त्यालाही निघाला. काही त्रास सुरू व्हायच्या आत कळलं म्हणून त्याला झिंक चालू केलंय, ते आतड्यातून तांबं शोषू देत नाही, जेवणापासून तासभर लांब ठेवून घ्यायचं. घरात आता कालवं, तिसऱ्या, कलेजी, चॉकलेट, श्रावणातली अळंबी त्या दोघांच्या ताटात येत नाही, काजूच्या बागेतल्या घरात काजू बंद आहेत. तांब्याची कळशी माळ्यावर गेली. पण पथ्य कितीही पाळलं तरी ते औषधाच्या जागी चालत नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय.

पोलिसांत अर्ज दिलाय आणि अन्न व औषध प्रशासनाकडेही तक्रार केलीय. तो फोन उचलत नाही, शिबिर आता दुसऱ्या तालुक्यात लागतं असं ऐकतो. तुमच्याकडे अशी बरणी असेल तर फेकू नका, लेबलासकट आहे तशी ठेवा, कॅप्सूल बंद केली असेल तर आजच्या आज तुमच्या डॉक्टरांना फोन करा. बिल नसलं तरी यूपीआयचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडता येतो, आम्ही तोच जोडलाय.