शेगाव भक्त निवास आणि महाप्रसाद: दहाची नोट परत आली

मागच्या महिन्यात आईला घेऊन गजानन महाराजांच्या शेगावला जाऊन आलो, संस्थानच्या भक्त निवासात दोन दिवस मुक्काम. रूम एकदम साधी, पलंग, पंखा, बादली-मग, झालं. पण चादरीला डाग नाही की बाथरूमला वास नाही आणि भाडं इतकं कमी की आईने काउंटरवर दोनदा विचारलं, माणशी की पूर्ण रूमचं? स्टेशनवरून संस्थानची बस फुकट असते, उगाच रिक्षावाल्याशी घासाघीस करत बसू नका (मी बसलो).

खरी गंमत चप्पल स्टँडवर झाली. सवयीने दहाची नोट पुढे केली तर पांढऱ्या कपड्यातल्या सेवेकरी काकांनी चक्क हात पाठीमागे घेतले, "नाही माऊली, द्यायचेच तर पेटीत टाका." गप्पा मारल्या तर काका शेतकरी निघाले, ठरलेले दिवस सेवा द्यायची आणि परत शेतावर, पगार बिगार काही नाही, उलट सेवेला नंबर लागावा म्हणून लोक वाट बघतात म्हणे. शिवशंकरभाऊ पाटलांचा विषय निघाला (२०२१ ला गेले ते), एवढ्या मोठ्या संस्थानचा कारभार बघितला पण इथलं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत असं सांगतात. आणि मी इकडे इन्क्रिमेंट दोन टक्के कमी मिळालं म्हणून आठवडाभर झोपलो नव्हतो! त्या रात्री मात्र साडेनऊलाच डोळा लागला तो पहाटे काकड्याला आईने हलवलं तेव्हा उघडला.

महाप्रसादाला पैसे नाहीत. पोळी, भाजी, वरण, भात आणि एक गोड, चव घरच्यासारखी, तिखट बेताचं. वाढणारा दादा "काऊन जी, एवढंच?" करत आग्रह करतो, पण ताटात उष्टं टाकायचा धीर होत नाही हो. १८७८ मध्ये महाराज लोकांना पहिल्यांदा दिसले तेच मुळी देविदास पातुरकरांच्या घराबाहेर, उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचून खाताना. मी हौसेने भात जास्त घेतलेला, शेवटचे चार घास पाण्याबरोबर ढकलले, आई बघत होती ना.

जमलं तर गुरुवार आणि प्रकटदिन टाळा, रांग फार असते, सोबत म्हातारं माणूस असेल तर नक्कीच. आणि बाहेर कचोरी घेताना तळताना बघून गरमच घ्या, मला एका गाडीवर सकाळची गार टेकवली.