चांदीचे नॅनोकण, अल्ब्युमिन आणि विजापूर रोडवरची लॅब

प्रथिनांचा फ्लुओरोसन्स, म्हणजे प्रकाश टाकल्यावर येणारी त्यांची चमक, काढायचा म्हणजे सोलापूरकरांनी हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची आणि बर्फाचा डबा मांडीवर घेऊन पुणे गाठायचं, असं आमच्याकडे ठरूनच गेलेलं. त्यामुळे विजापूर रोडच्या बाजूला एका खासगी तपासणी लॅबने ही चमक मोजणारा फ्लुओरिमीटर बसवलाय हे कळल्यावर पीएचडीचं बरंचसं मोजमाप मी तिथेच केलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

इथलं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे कापडाचे रंग आणि बोअरचं पाणी. चादर कारखान्यांच्या बाटल्यांच्या रांगेत आपली बोटभर ट्यूब ठेवताना जरा संकोच होतो. पण यंत्र चालवणारे काका पक्के आहेत. रोज सकाळी दिवा तापला की आधी शुद्ध पाण्याचं रामन पीक, म्हणजे पाण्याने विखुरलेल्या प्रकाशाचं आलेखातलं टोक, घेतात: ३५० नॅनोमीटरचा प्रकाश टाकायचा आणि ३९७ च्या आसपास पीक येतंय का, उंची कालच्याइतकीच आहे का, ते वहीत लिहायचं. दिवा म्हातारा होत चालला की तिथेच कळतं. ती वही बघायला मागा, आनंदाने दाखवतात.

माझं काम थोडक्यात असं. चांदीचे नॅनोकण रक्तात गेले की त्यांच्यावर लगेच प्रथिनांचं कवच चढतं, त्याला प्रोटीन कोरोना म्हणतात. पेशीला पुढे दिसतं ते हे कवच, उघडी चांदी नाही. रक्तात सर्वांत जास्त असणारं प्रथिन अल्ब्युमिन, लिटरला साधारण ३५ ते ५० ग्रॅम, म्हणून सुरुवात त्याच्यापासून. गायीच्या अल्ब्युमिनमध्ये ट्रिप्टोफॅन (प्रथिनातलं चमकणारं एक अमिनो आम्ल) दोन असतात, माणसाच्यात एकच, २१४ व्या जागेवर. २९५ नॅनोमीटरचा प्रकाश दिला की मुख्यतः हे ट्रिप्टोफॅनच चमकतात आणि ३४५ च्या आसपास पीक येतं. चांदी थोडी थोडी घालत गेलं की पीक बसत जातं. हे झालं क्वेंचिंग, म्हणजे चमक विझणं.

खरी मेख इथे आहे, आणि या लॅबला माझे निम्मे गुण याच एका गोष्टीसाठी. पहिल्या भेटीत काकांनी नमुना हातात घ्यायच्या आधी विचारलं, “नुसत्या चांदीचा यूव्ही आणलाय का मॅडम? नसेल तर आधी तो घेऊ.” यूव्ही म्हणजे कुठला प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख. तो लागतो, कारण चांदीचे कण स्वतःच प्रकाश गिळतात. ४०० च्या आसपास त्यांचं मोठं पीक असतं आणि त्याचा पसारा ट्रिप्टोफॅनच्या उजेडापर्यंत येतो. आत जाणारा आणि बाहेर येणारा, दोन्ही प्रकाशांचं शोषण मिळून ०.३ भरलं, तर प्रथिनाला काहीही झालेलं नसताना चमक सुमारे ७० टक्केच दिसते. ही वजावट न करता काढलेला स्टर्न-व्होल्मर आलेख (चांदी वाढेल तशी चमक किती घटते ते दाखवणारा) सुरेख सरळ येतो आणि चुकीचा असतो. नावाजलेल्या ठिकाणीसुद्धा हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

शिवाय इथे पैसे तासावर घेतात, स्पेक्ट्रमवर नाही. एकाच क्युव्हेटमध्ये (नमुना ठेवायच्या चौकोनी पारदर्शक नळीत) दहा-बारा वेळा चांदी घालत जाणाऱ्याला हा हिशेब फार परवडतो.

आता तक्रारी. क्युव्हेट होल्डरला पाणी फिरवायची सोय नाही, खोलीचा एसी हाच काय तो तापमानाचा ताबा. कण आणि प्रथिन आधीच जोडी जमवून बसतात की नुसते धडकून जातात, हे ठरवायला तीन तापमानांवर मोजावं लागतं. तापमान वाढल्यावर क्वेंचिंग कमी झालं तर जोडी जमलेली, वाढलं तर धडक. एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस अंश आणि त्यात वीज गेली की हे मोजमाप विसरायचं. तेवढ्यासाठी मला पुन्हा हुतात्माच. सीडीचं (ध्रुवित प्रकाशाने प्रथिनाची घडण तपासणारं) यंत्रही नाही, म्हणजे अल्ब्युमिनचे हेलिक्स, म्हणजे पीळ, उलगडतायत का, ते २०८ आणि २२२ नॅनोमीटरवर बघायला दुसरीकडेच जावं लागतं.

दुसरी चीड निकालाच्या फाइलची. काउंटरवरून मिळते ती रंगीत आलेखाची पीडीएफ, तीही स्मूदिंग करून, म्हणजे रेषेचे बारीक चढउतार गुळगुळीत करून. पाण्याच्या रंगाला चालत असेल, आम्हाला नाही. आमचा सगळा वाद पीक दोन-तीन नॅनोमीटर सरकण्यावर चालतो आणि स्मूदिंगने नेमकं तेच बुजतं. कच्चे आकडे सीएसव्हीमध्ये (आकड्यांच्या साध्या फाइलमध्ये) हवेत, हे नमुना देतानाच फॉर्मवर लिहा. नंतर मागितलं तर “सिस्टीममध्ये राहिलं नाही” असं ऐकायला मिळतं.

जाणार असाल तर चारही बाजू पॉलिश असलेला क्वार्ट्झ क्युव्हेट स्वतःचा न्या. तिथल्यांवर रंगांचे डाग आहेत, आणि काही रंग स्वतःच चमकतात. बफरमध्ये (नमुना ज्या द्रावणात असतो त्यात) मीठ कमी ठेवा, नाहीतर लॅबपर्यंत पोचेतो चांदी गोळा होऊन पिवळ्याची करडी झालेली असते. वेळ सकाळची पहिली घ्या, कारण अकरानंतर पाण्याच्या बाटल्या यायला लागतात आणि काकांना दोन्हीकडे पळावं लागतं. जीएसटीची पावती मागून घ्या, फेलोशिपच्या हिशेबाला लागते.