तुरुंगातल्या माणसाला पत्र: आंतरदेशीय की स्पीड पोस्ट?

भाऊ येरवड्यात आहे, पत्र कसं पाठवू, असं एका ताईंनी विचारलं. आंतरदेशीय अडीच रुपयांत जातं. स्पीड पोस्टला 50 ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात 19, बाहेरगावी 47 रुपये, वर जीएसटी. पण त्याची पावती मिळते, पत्र तुरुंगापर्यंत पोचल्याचं कळतं. आंतरदेशीय हरवलं तर पत्ता लागत नाही.

दोन्ही पत्रं तुरुंगात उघडून वाचली जातात, म्हणून खटल्याचं काही लिहू नका. अंगणातली जास्वंद फुलली, हे जरूर लिहा. पत्त्यावर भावाचं पूर्ण नाव, बंदी क्रमांक हवाच.

वकीलपत्र, कागद स्पीड पोस्टानेच. दर आठवड्याच्या ख्यालीखुशालीला आंतरदेशीयच बरं. त्याला पत्रांची वाट पाहायची सवय लागू दे.