पन्न्याला जाताय तर हिरा घ्यायचं डोक्यातून काढून जा

माझं माहेर-सासर दोन्ही सराफी, बेळगावात शहापूरला. त्यामुळे मध्य प्रदेशातल्या पन्न्याला हिऱ्याच्या खाणी बघायला निघाले म्हटल्यावर निम्म्या गल्लीनं "वैनी, एखादा बरा नग दिसला तर बघा की" म्हणून सांगून ठेवलं. सगळ्यांना एकच उत्तर लिहिते: पन्ना बघायला झकास, खरेदीला बिलकूल नाही.

जायला त्रास नाही. बेळगावातच गोवा एक्सप्रेसमध्ये बसायचं, झाशीला उतरायचं, तिथून खजुराहोपर्यंत रेल्वे आणि पुढं रस्त्यानं साधारण 45 किलोमीटर.

खाण म्हटलं की आपल्या कर्नाटकवाल्यांना कोलारची सोन्याची खाण आठवते, खोल विहिरी, पाळणे, 2001 साली पडलेलं कुलूप. नाहीतर रायचूरकडचं हट्टी. पन्न्याच्या बाहेर गेलं की तसलं काहीच दिसत नाही. उघड्या रानात चौकोनी खड्डे, कडेला मातीचे ढीग, एक डिझेल पंप आणि ताडपत्रीची सावली. बस्स. सरकारी हिरा कार्यालयाकडून खणायला 8 बाय 8 मीटर जमिनीचा पट्टा मिळतो, वर्षाची फी 200 रुपये. आमच्या दुकानात नथीच्या दुरुस्तीला याहून जास्त लागतात! खर्च खरा मजुरीचा आणि पाण्याचा, म्हणून पुष्कळ ठिकाणी चार-पाच जण भागीदारीत खणतात.

वरची माती काढत गेलं की खाली खडी मिसळलेला थर लागतो, त्याला ते 'चाल' म्हणतात. ही चाल टाकीत ओतून पायानं तुडवतात, हातानं चोळतात, गढूळ पाणी सोडून देतात, परत पाणी भरतात. चिखल गेला की उरलेली खडी सपाट सारवलेल्या जागेवर वाळत घालायची आणि मग उकिडवं बसून हाताच्या कडेनं थोडी थोडी पुढं ओढत निवडायची. आपण तांदळातले खडे निवडतो तस्संच, फक्त इथं खडा ठेवायचा आणि बाकी सगळं टाकायचं. एका बाईंच्या शेजारी मी बराच वेळ बसले. त्या बोलत होत्या माझ्याशी, पण नजर एकदाही वर आली नाही. हिऱ्याची तेलकट चकाकी ओल्या खडीत फसवते म्हणून वाळल्यावरच निवडायचं, हे त्यांच्याकडून कळलं. पैलू पाडलेला हिरा रोज हाताळणाऱ्या मला तिथला कच्चा माल गारगोटीपासून वेगळा काढता आला नसता, खरं सांगते.

मिळालेला खडा हिरा कार्यालयात जमा करायचा, हा नियम. तिथं वजन होतं, प्रत ठरते. स्वच्छ पाण्याचा तो 'उज्ज्वल', रंगाची झाक असलेला तो 'मैला'. मग लिलाव, आणि रॉयल्टी नि कर कापून बाकी रक्कम ज्याचा पट्टा त्याची. 1961 साली इथं 44.55 कॅरेटचा सापडला, 2018 ला एका मजुराला 42.59 कॅरेटचा. हे आकडे तिथं पोराटोरांना पाठ आहेत. पण वर्ष वर्ष खणून हाती काही न आलेले खड्ड्याखड्ड्यावर भेटतात, त्यांचे आकडे कोण सांगणार?

आता तक्रार. लॉजवाल्यानं ठरवून दिलेल्या गाडीवाल्यानं 'खाण दर्शन' म्हणून पैसे घेतले आणि आधी नेलं कुठं, तर एका घरात, जिथं कागदाच्या पुडीतून चार खडे पुढं आले. "दीदी, ऑफिस में जमा करेंगे तो टैक्स कटेगा." अहो, कार्यालयाला चुकवून विकलेला हिरा म्हणजे चोरीचा माल, आणि तो हिराच आहे हे तरी कोण सांगणार? सराफाच्या घरातली बाई बघून पुडी बाहेर आली, तुमच्यासमोरही येईल. उठून चालू पडा. खड्ड्यावर जाताना मात्र आधी विचारा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. माणसं मोकळी आहेत, पण निवडायला बसलेल्याच्या तोंडासमोर मोबाईल धरला तर कोणाला आवडेल?

मशीनवर चालणारी मझगवानची मोठी खाण जवळच आहे, पण साध्या पर्यटकानं तिच्या भरवशावर बेत आखू नये. त्यापेक्षा गावातली देवळं बघा. बलदेव मंदिर तर लंडनच्या चर्चसारखं घुमटाचं, बघून गंमत वाटते. छत्रसालाचे गुरू प्राणनाथ, त्यांच्या आशीर्वादानं त्याच्या राज्यात हिरे पिकले अशी तिथं श्रद्धा आहे. हाच तो छत्रसाल, ज्याच्या हाकेला 1729 मध्ये बाजीराव धावून गेला होता. आपण मराठीत बोलतोय कळल्यावर पुजारीबुवांनी बाजीरावाचं नाव स्वतःहून काढलं. घरी न्यायला आवळ्याचा मुरब्बा घ्या, तो तिथला खास.

पावसात खड्डे भरतात, उन्हाळ्यात बुंदेलखंड भाजून काढतं. डिसेंबर-जानेवारी उत्तम. पाचपैकी साडेतीन देईन. दीड कापला तो पुडीवाल्या दर्शनासाठी आणि बायकांच्या गैरसोयीसाठी. खाणींकडं आडोसासुद्धा नाही, तेव्हा सगळं लॉजवर उरकूनच निघायचं आणि पायात चप्पल नको, बूट घाला.