टीम फोर्ट्रेस टू मधला इंजिनियर: साधा पाना ठेवायचा की गनस्लिंगर घ्यायचा?

चाळीसगावच्या मामेभावाचा परवा रात्री फोन, दादा मी टीएफटू टाकलंय अन् मला इंजिनियरच खेळायचाय, पण एक जण म्हणतो साधा पाना ठेव अन् दुसरा म्हणतो गनस्लिंगर घे नाहीतर इंजिनियर घेऊच नको, तू सांग काय करू. आता हे फोनवर सांगत बसलो असतो तर पुढ्यातलं भरीत पार गार झालं असतं, म्हणून म्हटलं लिहूनच टाकतो, अजून कोणी याच्यातच अडकलं असेल तर त्याच्याही कामी येईल.

ज्यांनी गेम कधी बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेम २००७ चा आहे, २०११ पासून फुकट आहे, जुन्या पीसीवर चालतो म्हणून आपल्याकडे अजून टिकून आहे. नऊ क्लास, म्हणजे नऊ प्रकारचे खेळाडू, त्यातला इंजिनियर म्हणजे स्वतः फार मारामारी न करता वस्तू उभ्या करणारा माणूस. सेंट्री गन, जी आपोआप गोळ्या घालते. डिस्पेन्सर, ज्याच्याजवळ उभं राहिलं की हेल्थ अन् गोळ्या मिळतात. अन् टेलिपोर्टर, जो मागून येणाऱ्यांना थेट पुढे फेकतो. हातात जे हत्यार आहे त्याने हे सगळं ठोकून वाढवायचं आणि दुरुस्त करायचं. ते हत्यार कोणतं घ्यायचं हाच सगळा वाद. साधा पाना पहिल्या दिवसापासून मिळतो. गनस्लिंगर म्हणजे लोखंडी पंजा, हा जुलै २०१० च्या इंजिनियर अपडेटमध्ये आला, आणि तो घातला की मोठी सेंट्री बंद, तिच्याऐवजी छोटी मिनी सेंट्री बसते.

आधी पान्याचा हिशोब बघ, कारण नवीन माणूस इथेच गंडतो. तुझ्याकडे २०० मेटल, म्हणजे बांधकामाचा माल, असतं. सेंट्री १३०, डिस्पेन्सर १००, टेलिपोर्टरची दोन्ही तोंडं ५०-५०. म्हणजे पहिल्या झटक्यात सेंट्री लावली की हातात ७० उरले, आता पळ मेटल देणारा अॅमो बॉक्स शोधायला. वर प्रत्येक वस्तू लेव्हल तीनपर्यंत न्यायला लेव्हलमागे २०० मेटल, एका फटक्याला २५ जातं, म्हणजे एका लेव्हलला आठ फटके. सगळं मिळून पूर्ण सेट उभा करायला १५३० मेटल लागतं आणि तू एका वेळी २०० च उचलू शकतोस, आता बघ किती फेऱ्या होतात ते. घर बांधायला काढल्यासारखं आहे, विटा आल्या तर सिमेंट नाही, सिमेंट आलं तर गवंडी गायब. म्हणून डिस्पेन्सर लवकर लाव, तो स्वतः मेटल देतो, लेव्हल तीनला दर पाच सेकंदाला ६०, मग पळापळ थांबते.

एकदा पप्पा मागे येऊन उभे राहिले, आमचं भुसावळला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे त्यामुळे पाना दिसला की त्यांची नजर जातेच, दोन मिनिटं गुपचूप बघितलं अन् म्हणाले, हा एकाच पान्याने सगळं कसं काय आवळतो रे, बारा-तेराचा आहे का चौदा-पंधराचा? मी म्हटलं पप्पा हा आवळत नाही, नुसता ठोकतो. म्हणे मग तुझ्यासारखाच आहे. असो.

पण एवढा खर्च करून जे उभं राहतं ते खरंच दणकट असतं. लेव्हल तीनच्या सेंट्रीला २१६ हेल्थ, दोन नळ्या आणि वरून रॉकेट. तू मागे बसून ठोकत राहिलास तर एकट्या माणसाला ती सहजासहजी फुटत नाही. बॅडवॉटर नावाच्या मॅपच्या शेवटच्या पॉइंटला नीट कोपरा पकडून अशी एक उभी केली, शेजारी डिस्पेन्सर, टेलिपोर्टरमधून दर तीन सेकंदाला आपला एक माणूस बाहेर पडतोय, तर समोरची बारा जणांची टीम अक्षरशः डोकं धरून बसते. आणि मुख्य म्हणजे तू मेलास तरी सेंट्री उभी राहते. शेतात राखणीला माळ्यावर बसलेला माणूस झोपला तरी डुकरं लगेच आत घुसत नाहीत ना, तसं थोडा वेळ तिचं ती निभावते.

आता याची दुसरी बाजू. तू जागेला बांधला जातोस. समोरच्या मेडिकने, म्हणजे बरं करणाऱ्या क्लासने, उबर भरून सोडला की आठ सेकंद त्याला अन् त्याच्या जोडीदाराला काहीच लागत नाही आणि त्या आठ सेकंदात बॉम्बवाला डेमोमन येऊन तुझं दहा मिनिटांचं काम उडवून निघून जातो, तू ठोकत बसला असशील तर तूही त्याच्यासोबत जातोस. आणि दुसरा शत्रू स्पाय. तो आपल्याच टीमचा वेष घेऊन येतो, सेंट्री त्याच्यावर गोळी घालत नाही, तुझ्या पाठीत सुरा अन् सेंट्रीवर सॅपर, म्हणजे तिला बंद पाडणारं यंत्र, एकाच दमात. सॅपर साध्या पान्याने दोन फटक्यात निघतो, पण त्यासाठी तू जिवंत पाहिजेस. यावर खरा उपाय कान. स्पाय अदृश्य होता तो दिसायला लागताना आवाज येतो, तो ऐकला की वळायचं. आता मला सांग, मे महिन्यात भुसावळला ४५ डिग्री चालू आहे, मागे लोखंडी कूलर घरघर करतोय, त्यात कसला आवाज ऐकतो तू? माझे निम्मे मर्डर त्या कूलरने केलेत. एकदा तर धुळ्याचा दोस्त हेडफोनमध्ये किंचाळला, "अरे मांगे दख, स्पाय उना!" म्हणजे मागे बघ, स्पाय आला, आणि मी कूलरच्या नादात त्याला म्हणतो काय उना, कोण उना, तोपर्यंत सगळं खल्लास. तर कान झाकणारा हेडफोन घे, भले स्वस्तातला घे. आणि एक सोपी युक्ती, आपला माणूस आपल्यातून आरपार जातो पण वेष घेतलेला स्पाय अडकतो, म्हणून जवळ कोणी आला की त्याच्या अंगावर चालून जायचं, अडकला की ठोक. टीममध्ये आग फेकणारा पायरो असेल तर त्याला सरळ विनंती कर की जरा माझ्याजवळ फिर रे भो, लाज बाळगू नको.

गनस्लिंगरचं सगळं याच्या उलट. मिनी सेंट्री १०० मेटलला बसते, म्हणजे २०० मध्ये मिनी आणि डिस्पेन्सर दोन्ही एकदमच. हो, डिस्पेन्सर आणि टेलिपोर्टर पंजावाल्यालाही मिळतात आणि ते लेव्हल तीनपर्यंत जातात, हे पुष्कळ जणांना माहीतच नसतं, पंजा घातला की नुसतं मिनी टाकत पळायचं असं त्यांना वाटतं आणि टीम मागून पायी पायी येत बसते. मिनी पटकन उभी राहते, हेल्थ १००, अपग्रेड होत नाही, गोळीमागे डॅमेज ८, मोठीचं १६. पण तुझी स्वतःची हेल्थ १२५ ची १५० होते, आणि पंजाने लागोपाठ तीन ठोसे लागले तर तिसरा हमखास क्रिट, म्हणजे तिप्पट मार. मिनी फुटली तर फुटली, पुढच्या कोपऱ्यावर दुसरी टाक. जीव लावायचा नाही तिच्यात.

फक्त एक लक्षात घे, मिनी एकटी सहसा कोणाला मारत नाही. ती समोरच्याचं लक्ष खाते. हेवी कोपऱ्यावरून वळला, मिनी टकटक करायला लागली, तो तिच्याकडे तोंड करतो, त्या दोन सेकंदात तू बाजूने शॉटगन घालायची. हे जमलं तर जाम मजा येते, खरं सांगतो, इंजिनियर खेळतोय असं वाटतच नाही. फ्रंटियर जस्टिस नावाची शॉटगन घेतलीस तर अजूनच, मिनीने जितके मारले त्याच्या हिशोबाने ती फुटल्यावर तुला क्रिट मिळतात, म्हणजे सेंट्री गेल्याचंही दुःख नाही. पण नेम नसेल तर पंजावाला इंजिनियर म्हणजे अर्धवट सोल्जर, ना धड मारतो ना धड राखतो, मी असे पन्नास बघितलेत, काही महिने मी स्वतः तेच होतो.

आता आपल्याकडची गोष्ट, जी बाहेरचे लोक सांगणार नाहीत. नेट आणि लाइट. मामेभाऊ मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळतो, घरात पाहुणे आले आणि कोणी व्हिडिओ लावला की त्याचा पिंग, म्हणजे नेटचा उशीर, आकाशात. अशा नेटवर पाना बरा, कारण सेंट्री सर्व्हरवर चालते, ती नेम धरताना तुझ्या पिंगशी तिचं काही देणंघेणं नाही, तू अडखळत असलास तरी ती आपलं काम करत राहते. शॉटगनचा नेम मात्र अडखळत्या नेटवर पार बोंबलतो, म्हणजे पंजाची अर्धी ताकद तिथेच गेली. पण लाइटचं नेमकं उलटं आहे. लाइट गेली, पीसी यूपीएसवर चालू आहे पण राउटर बंद, तू सर्व्हरवरून बाहेर फेकला गेलास की तुझं बांधलेलं सगळं गायब होतं, एक खिळा शिल्लक राहत नाही. परत आत आलास की पुन्हा ते १५३० मेटल पहिल्यापासून. पंजावाला आत आला, १०० टाकले, लागला कामाला. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सातच्या सुमाराला लाइटचं काही खरं नसतं, त्या वेळेला मी पाना काढतच नाही, रात्री दहानंतर काढतो. राउटरला छोटा यूपीएस बसवला तर हा त्रास बराच मिटतो, माझं ऐकशील तर नवीन माउसच्या आधी तो घे.

मॅपचं म्हणशील तर मला फार विचार करावा लागत नाही. डिफेन्स असेल, डस्टबाउल किंवा पेलोडचा, म्हणजे गाडी ढकलत न्यायचा, मॅप असेल, तर पाना. अटॅक असेल तर पंजा, कारण पुढे सरकणाऱ्या टीमला मागच्या गल्लीत उभ्या असलेल्या लेव्हल तीन सेंट्रीचा काय उपयोग, ती उचलून नेता येते पण उचललेली असताना तू मेलास तर तीही गेली. अटॅकला टेलिपोर्टर पुढे आणून लावणं हे सेंट्रीपेक्षा मोठं काम आहे, त्याबद्दल कोणी थँक्यू म्हणत नाही पण मॅच त्यानेच जिंकली जाते. टीममध्ये आधीच दोन इंजिनियर पाना घेऊन बसलेले असतील तर तिसरा पाना म्हणजे लग्नात तिसरा आचारी, तू पंजा घे किंवा मेडिक हो.

मध्ये अजून एक पाना आहे, जॅग. त्याने बांधकाम लवकर होतं आणि हातही भरभर चालतो, पण सॅपर काढायला दोनऐवजी तीन फटके लागतात. स्पाय चांगला असेल तर तो एक फटका महागात पडतो, त्यामुळे नवीन माणसाने त्याच्या नादी लागू नये असं माझं मत. रेस्क्यू रेंजर मात्र पान्यासोबत लवकर मिळव, लांबून बोल्ट मारून सेंट्री दुरुस्त होते आणि १०० मेटल मोजलं की लांबूनच उचलताही येते, उबर येताना दिसला की सेंट्री उचलून पळ काढता येतो, तो उचलून पळतानाचा आनंद म्हणजे पाऊस आल्यावर अंगणातली वाळत घातलेली गव्हाची चादर वेळेवर आत ओढल्यासारखा.

मामेभाऊ मध्येच विचारत होता की मग ओव्हरवॉचमधला टॉर्बजॉर्न का नको. खेळ ना, कोण नाही म्हणतो. त्याची टरेट फेकली की आपोआप बांधली जाते, मेटल गोळा करायची भानगड नाही, फुटली तर थोडा वेळ थांबून परत टाक. सोपं आहे, पण बांधायची जी मजा आहे ती तिथे नाही. बॅटलफील्डचा इंजिनियर तर वेगळाच प्राणी, तो रणगाड्याचा मेकॅनिक, रणगाडा दुरुस्त कर नाहीतर समोरच्याचा रॉकेटने फोड. रणगाडे आवडत असतील तर तिकडे जा.

तर भावा, तुझं उत्तर. तुझं नेट जोपर्यंत हॉटस्पॉटवर आहे तोपर्यंत पाना. नेम तुझा अजून कच्चा आहे, मी बघितलाय, राग मानू नको. पंजा मात्र आतापासूनच मिळवून ठेव, इंजिनियरचे अचिव्हमेंट करत गेलास की मिळेल. लोडआउटला, म्हणजे हत्यारांच्या निवडीला, ए, बी, सी, डी असे चार कप्पे आहेत, ए मध्ये पाना आणि रेस्क्यू रेंजर लाव, बी मध्ये पंजा आणि फ्रंटियर जस्टिस. डिफेन्स संपून अटॅक सुरू झाला की बदलायचं. पण मध्येच बदलू नको, पाना काढून पंजा घातला की उभी असलेली सेंट्री फुटते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी शेवटच्या मिनिटाला, पॉइंटवर लेव्हल तीन उभी असताना, सहज बघू म्हणून बदललं होतं. व्हॉइस चॅटवर त्या दिवशी मला जे ऐकायला मिळालं त्यातलं निम्मं अहिराणीत होतं आणि बाकीचं इथे लिहिता येत नाही. बटणं एवढीच पाठ कर, ४ मग १ दाबलं की सेंट्री, ४ मग २ डिस्पेन्सर, ३ आणि ४ टेलिपोर्टरची आत-बाहेरची तोंडं, आणि ५ मग १ दाबलं की आपलीच सेंट्री आपण फोडतो, ते घाईत दाबू नको. शनिवारी दहानंतर ये, लाइट असेल तर मी आहेच.